शेतावरची जुनी जीप आणि वाळूतलं चित्र

सैन्यानं विकायला काढलेली एक जीप त्यानं शेतकामासाठी घेतली. ती चालवताना, दुरुस्त करताना त्याला जे खटकलं, त्यातून जगातली एक गाजलेली गाडी तयार झाली. लँड रोव्हरचा जन्मदाता मॉरिस विल्क्स याची ही गोष्ट.

पहिली नोकरी लागते, हातात थोडे पैसे खुळखुळू लागतात आणि मित्रमंडळींत गाडीचा विषय निघतो. बहुतेकांना नवी कोरी गाडी हवी असते. पण प्रत्येक ग्रुपमध्ये एखादा असा असतोच, ज्याला जुनी जीप हवी असते. हूड फाटलेलं, पत्रा ठिकठिकाणी गंजलेला, पण फोर बाय फोर टाकलं की चिखलातून गुरगुरत वर येणारी. घरचे कपाळाला हात लावतात. गॅरेजवाला मात्र मनातल्या मनात खूश होतो, कारण हा गडी आता दर रविवारी आपल्याकडे येणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मॉरिस विल्क्स या जातकुळीतलाच. फरक एवढाच, की तो स्वतः एका नावाजलेल्या मोटार कंपनीचा मुख्य इंजिनिअर होता. मनात आणलं असतं तर दारात हवी ती गाडी उभी राहिली असती. पण त्याच्या शेतावर जे काम होतं, ते करू शकेल अशी गाडी त्याची कंपनी बनवतच नव्हती. आणि नेमकी हीच गोष्ट त्याच्या लक्षात यायला एक जुनी जीप लागली.

धाकटा भाऊ

मॉरिसचा जन्म १९ ऑगस्ट १९०४चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेलिंग आयलंडवरचा. मॅल्व्हर्न कॉलेजात शिक्षण झालं आणि १९२६मध्ये तो अमेरिकेला गेला. तिथे जनरल मोटर्समध्ये दोन वर्षं काढली. त्या काळात हजारोंनी गाड्या कशा बनवायच्या हे शिकायचं, तर अमेरिकेसारखी दुसरी शाळा नव्हती. परत आल्यावर हिलमन या इंग्लिश कंपनीत तो कामाला लागला.

त्याचा थोरला भाऊ स्पेन्सर तेव्हा मोटार धंद्यात चांगलाच मुरलेला होता. स्पेन्सर १९२९मध्ये हिलमन सोडून रोव्हर कंपनीत गेला आणि पुढच्याच वर्षी मॉरिसही तिथे आला. रोव्हरची अवस्था तेव्हा नाजूक होती. कंपनी तोट्यात होती आणि कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. दोघा भावांनी धोरण ठरवलं: गाड्या थोड्या काढायच्या, पण नीट काढायच्या. डॉक्टर, वकील, बँक मॅनेजर अशा गिऱ्हाइकाला आवडेल अशी शांत, टिकाऊ, न भपकेबाज गाडी. हिशेब आणि माणसं स्पेन्सर सांभाळायचा, ड्रॉइंग बोर्ड मॉरिसकडे. काही वर्षांत कंपनी सावरली.

मॉरिस बोलायला कमी. भाषणं ठोकणं, फोटोसाठी पुढे पुढे करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पण एखादी वस्तू हातात आली, की ती याहून चांगली कशी होईल, हा किडा त्याच्या डोक्यात वळवळायला लागायचा. या किड्यानं त्याला एकदा भांडणात ओढलं, आणि एकदा इतिहासात नेऊन बसवलं.

जेट इंजिन आणि खटका

आधी भांडणाचं सांगतो. दुसऱ्या महायुद्धात फ्रँक व्हिटल या इंग्लिश संशोधकाचं जेट इंजिन कारखान्यात बनवायचं काम सरकारनं रोव्हरकडे सोपवलं. व्हिटलची अपेक्षा होती, की आपण दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे इंजिन मुकाट्यानं बनवावं. मॉरिस आणि त्याच्या टीमला त्यात सुधारणा दिसत होत्या आणि त्यांनी त्या करायला सुरुवातही केली. व्हिटलच्या इंजिनात हवा उलट दिशेनं वळवून मग ज्वलनकक्षात जायची. रोव्हरच्या लोकांनी ती सरळ रेषेत जाईल अशी मांडणी केली. व्हिटल भडकला. त्याच्या दृष्टीनं हा सरळसरळ आगाऊपणा होता.

काम रखडलं, मनं कलुषित झाली. शेवटी १९४३च्या सुरुवातीला रोव्हरनं जेटचं काम रोल्स रॉइसला दिलं आणि त्याबदल्यात मिटिऑर हे रणगाड्याचं इंजिन घेतलं. रोव्हरची ती सरळ मांडणी मात्र वाया गेली नाही. रोल्स रॉइसच्या डरवेंट या जेट इंजिनाचा पाया तीच ठरली. म्हणजे इंजिनिअर म्हणून मॉरिसची बाजू भक्कम होती. पण ज्याची वस्तू त्याला न विचारता बदलली, की काय होतं याचा धडाही त्याला मिळाला.

कारखाना मोठा, पोलाद नाही

युद्ध संपलं. कॉव्हेंट्रीतला रोव्हरचा जुना कारखाना १९४०च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला होता. कंपनीनं बर्मिंगहॅमजवळच्या सॉलिहलला मुक्काम हलवला. तिथला कारखाना युद्धकाळात विमानाच्या इंजिनांचे भाग बनवण्यासाठी उभारलेला, त्यामुळे ऐसपैस. कामगार होते, यंत्रं होती. नव्हतं ते पोलाद.

ब्रिटन तेव्हा कर्जात बुडालं होतं. पोलादावर रेशन होतं आणि सरकारचा नियम कडक होता: जो माल परदेशात विकून डॉलर आणेल, त्यालाच पोलाद मिळेल. रोव्हरच्या महागड्या, डॉक्टर-वकिलांच्या गाड्यांना परदेशात कितीसं गिऱ्हाईक असणार? त्यामुळे कोटा मिळायचा तो अगदी तुटपुंजा. मॉरिसनं अॅल्युमिनियमची एक छोटी गाडी करून पाहिली, पण ती नमुन्यापुढे गेली नाही, आणि तो प्रकल्प १९४७मध्ये गुंडाळला गेला. एवढा मोठा कारखाना रिकामा ठेवून पगार किती दिवस देणार, हा प्रश्न दोघा भावांपुढे आ वासून उभा होता.

बेटावरचं शेत

याच सुमारास मॉरिसनं वेल्सच्या वायव्य टोकाला, अँगलसी नावाच्या बेटावर, न्यूबरो गावाजवळ शेत घेतलं होतं. समुद्राचा वारा, वाळूच्या टेकड्या, पाऊस पडला की घोटाभर चिखल. आपल्या कोकणातल्या माणसाला ओळखीचं वाटावं असं, फक्त थंडी हाडं गोठवणारी. लाकडाचे ओंडके ओढायला, माल न्यायला, रस्ता नसलेल्या ठिकाणी पोचायला तिथे दणकट गाडी हवी. आधी त्याच्याकडे सैन्यातला, पुढे चाकं आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे असलेला जुना ट्रक होता. त्याच्या जागी त्यानं घेतली एक विलीज जीप.

ही जीप म्हणजे काय चीज होती, ते थोडक्यात बघू. अमेरिकेनं महायुद्धासाठी सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या होत्या. वजन साधारण एक टन, इंजिन २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं, तीन गिअर आणि त्याला जोडलेला हाय-लो ट्रान्स्फर केस. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच. युद्ध संपल्यावर या जीप ढिगानं विक्रीला निघाल्या. स्वस्त, पण चांगल्याच रगडलेल्या. कुणी किती चालवली, कुठे आपटली, ऑइल कधी बदललं, काही पत्ता नाही.

शेतावर ती जीप सगळं करायची. ओंडके ओढायची, नांगरटीला मदत करायची, आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांना समुद्रावर घेऊन जायची. मॉरिस तिच्यावर फिदा होता. पण ती सैन्यासाठी बनवलेली गाडी होती, थोड्या दिवसांच्या धुमश्चक्रीसाठी. वीस वर्षं शेतात राबायला ती कुणी बनवलीच नव्हती. पत्रा पोलादाचा आणि समोर खारा वारा, त्यामुळे गंज ठरलेला. जीप डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, रस्ते उजव्या हाताच्या स्टिअरिंगचे. आणि एखादा भाग गेला, तर सुट्टा स्पेअर पार्ट मिळवताना जीव मेटाकुटीला यायचा, कारण बनवणारी कंपनी अटलांटिकच्या पलीकडे.

एकदा स्पेन्सर शेतावर आला असताना त्यानं धाकट्याला सहज विचारलं, की ही जीप मोडीत निघाली की मग काय करणार? मॉरिसनं सांगितलं, दुसरी जीप घेणार, दुसरं करणार काय, या कामाची दुसरी गाडीच नाही. बोलून झालं आणि आपण काय बोललो ते दोघांनाही उमगलं. एका ब्रिटिश मोटार कंपनीचे कर्तेधर्ते आपल्या शेतासाठी अमेरिकेची जुनी गाडी शोधत होते. आणि तिकडे त्यांचा कारखाना रिकामा होता.

वाळूतलं चित्र

१९४७चा ईस्टर. अँगलसीच्या रेड वॉर्फ बे या किनाऱ्यावर मॉरिसनं काठीनं ओल्या वाळूत एका गाडीचं चित्र काढलं आणि भावाला दाखवलं, असं विल्क्स घराण्यात सांगतात. भरती आली आणि चित्र पुसून गेलं, पण कल्पना डोक्यात पक्की बसली. शेतकऱ्यासाठी गाडी. अर्धी जीप, अर्धा ट्रॅक्टर.

सॉलिहलला परतल्यावर मॉरिसनं कामाला सुरुवात केली ती कागदावर नव्हे, जुन्या जीपवर. त्याचा सहकारी गॉर्डन बॅशफर्ड सैन्याच्या जुन्या मालाच्या डेपोत गेला आणि दोन जीप घेऊन आला. त्या खोलल्या, मापं घेतली. पहिला नमुना बनवला तोही जीपचीच चासी आणि अॅक्सल वापरून, वर रोव्हरचं इंजिन बसवून. नव्या गाडीच्या चाकांमधलं अंतरही जीपइतकंच, ८० इंच ठेवलं. जे उत्तम जमलेलं आहे, त्याला कशाला हात लावायचा?

काही कल्पना फसल्याही. पहिल्या नमुन्यात स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखं अगदी मधोमध होतं. एकच गाडी डाव्या बाजूनं चालवणाऱ्या देशांतही विकता येईल आणि उजव्या बाजूनं चालवणाऱ्याही, असा हिशेब. कागदावर झकास, पण चालवायला अडचणीचं. ते सोडून दिलं आणि डावं-उजवं असे दोन प्रकार काढायचं ठरलं.

नाही त्यातून आहे ते

या गाडीतली खरी करामत म्हणजे टंचाईवर काढलेले तोडगे. बघा ना:

पोलादाचा पत्रा मिळत नाही? मग बॉडी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. तो पोलादापेक्षा महाग होता, पण विमानं बनवणं कमी झाल्यानं मुबलक होता आणि त्यावर रेशन नव्हतं. वर त्याला पोलादासारखा गंज लागत नाही. अँगलसीच्या खाऱ्या वाऱ्यानं जीपचं जे केलं, त्यावरचं उत्तर असं अनायासे मिळालं.

पत्र्याला गोलाई द्यायला महागडे साचे लागतात, त्यासाठी पैसे नाहीत? मग पॅनेल सपाट ठेवायचे, हातानं वाकवता येतील असे. लँड रोव्हरचा तो चौकोनी, खोक्यासारखा चेहरा स्टाइल म्हणून आलेला नाही. तो काटकसरीतून आला.

चासीसाठी मोठे प्रेस नाहीत? मग पोलादाच्या सपाट पट्ट्या कापून, एकमेकींना वेल्ड करून चौकोनी नळीसारखी चासी बनवायची. इंजिन आणि गिअरबॉक्स रोव्हरच्या मोटारीचे उचलले. इंजिन १,५९५ सीसीचं, साधारण ५० हॉर्सपॉवरचं, म्हणजे जीपपेक्षाही थोडं कमी. पण शेतात वेगाशी काय देणंघेणं? लो गिअरमध्ये ओढ महत्त्वाची. शिवाय इंजिनाची ताकद बाहेर काढून मळणीयंत्र, करवत किंवा विंच चालवता येईल अशी सोय दिली. रंग लावला फिका हिरवा. तो विमान दलाच्या उरलेल्या साठ्यातला, असं सांगितलं जातं.

३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात लँड रोव्हर जगापुढे आली. वाळूतल्या चित्रापासून तिथपर्यंत जेमतेम एक वर्ष लागलं. किंमत ४५० पौंड. सुरुवातीला या किमतीत दारंसुद्धा येत नव्हती! दारं, स्टेपनी वगैरे हवं तर वेगळे पैसे मोजा. हीटर वगैरे लाड तर विचारूच नका. शेतकऱ्याला जेवढं लागतं तेवढं द्यायचं, बाकी ज्याचं त्यानं बघावं, असा खाक्या.

दोन-तीन वर्षांची सोय

रोव्हरच्या संचालकांनी या गाडीला मंजुरी दिली ती तात्पुरती सोय म्हणून. पोलाद मिळेपर्यंत दोन-तीन वर्षं ही विकू, कामगारांच्या हाताला काम राहील, परदेशी चलन येईल आणि मग आपल्या मूळ धंद्याकडे वळू, असा विचार. पण मागणी अशी आली, की कंपनी चक्रावली. बघता बघता लँड रोव्हरनं खपात रोव्हरच्या मोटारींना मागे टाकलं. शेतकऱ्यांनी घेतली, सैन्यानं घेतली, खाणीवाल्यांनी, रेड क्रॉसवाल्यांनी, आफ्रिकेच्या वाळवंटात हिंडणाऱ्यांनी घेतली. १९७६मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. याच घराण्यातली डिफेंडर सॉलिहलमध्ये २९ जानेवारी २०१६ पर्यंत बनत होती. तोवर एकूण आकडा २० लाखांवर गेला होता.

मॉरिस मात्र एवढ्यावर थांबला नाही. जेटचं भूत त्याच्या डोक्यातून उतरलं नव्हतं. १९५०मध्ये रोव्हरनं गॅस टर्बाइनवर चालणारी मोटार रस्त्यावर आणली, जगातली पहिली. ती कधी बाजारात आली नाही, पण जेटच्या भांडणात जे शिकला ते त्यानं फुकट जाऊ दिलं नाही. १९६२मध्ये तो कंपनीचा अध्यक्ष झाला. पण पद फार काळ भोगता आलं नाही. ८ सप्टेंबर १९६३ रोजी न्यूबरोतच, त्याच बेटावर, त्याचं निधन झालं. वय होतं ५९. जिच्यावर त्याच्या टीमनं अनेक वर्षं मेहनत घेतली, ती रोव्हर २००० ही मोटार पुढच्याच महिन्यात बाजारात आली आणि तिला युरोपचा कार ऑफ द इयर हा पहिलावहिला मान मिळाला. मॉरिसला ते पाहायला मिळालं नाही. १९७०मध्ये आलेली रेंज रोव्हर ज्यानं घडवली, तो स्पेन किंग म्हणजे विल्क्स बंधूंचा भाचा.

आणि आपला धागा? त्याच विलीज जीपची जोडणी १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रनं मुंबईत सुरू केली. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत जीप हा शब्द रुजला तो तिथून. पुढे २००८मध्ये टाटा मोटर्सनं फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर ही कंपनी २.३ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि २०११पासून लँड रोव्हरची फ्रीलँडर पुण्यात जोडली जाऊ लागली. वेल्सच्या किनाऱ्यावरचं ते चित्र असं फिरून पुण्यात आलं.

तुम्ही जुनी जीप बघायला जाल तेव्हा

मॉरिसकडून घ्यायची ती नजर. जुनी महिंद्र असो नाहीतर जिप्सी, रंग आणि मोठ्या टायरवर भाळू नका. आधी खाली वाका. चासी बघा, विशेषतः पाटे जिथे बसतात तिथे. तिथला गंज आणि नंतर मारलेलं वेल्डिंग सगळं सांगून जातं. इंजिनाचं काम पुन्हा करता येतं, कुजलेल्या चासीचं फारसं काही करता येत नाही. फोर बाय फोर आणि लो गिअर खरोखर पडतो का, हे मोकळ्या मातीत टाकून बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसखाली ऑइलचे डाग आहेत का, तेही बघा. आरसी बुकावरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून पाहा. आणि मूळ रचनेत मोठे बदल करायचे असतील, तर आरटीओची परवानगी आधी. व्हिटलला न विचारता केलेल्या बदलांचं काय झालं, ते वर वाचलंच आहे!

मग स्पेन्सरनं विचारलेला प्रश्न स्वतःला विचारा. उद्या हिचा एखादा पार्ट गेला, तर तो कुठे मिळणार? आपल्या गावात हिचं काम येणारा कुणी मिस्त्री आहे का? आणि हिच्याकडून आपण नेमकं काय काम करून घेणार आहोत? उत्तरं मिळाली तर बिनधास्त घ्या. घेतल्यावर पहिले सहा महिने सजावटीवर एक रुपयाही घालू नका. नुसती चालवा, आणि काय बिघडतं, काय खटकतं ते एका वहीत लिहीत जा. ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग आधी, बाकी सगळं नंतर. सहा महिन्यांनी ती वही उघडलीत, की गाडीला काय हवंय ते तीच तुम्हाला सांगेल.